ओढा : वरला आणि खालला

महाविद्यालयात भूगोल शिकवताना प्रवाहश्रेणी हा भाग दरवर्षी येतो. ज्या ओघळीला दुसरी ओघळ येऊन मिळत नाही ती पहिल्या श्रेणीची. पहिल्या श्रेणीच्या दोन ओघळी एकत्र आल्या की दुसऱ्या श्रेणीचा प्रवाह होतो, दुसऱ्या श्रेणीचे दोन मिळाले की तिसऱ्या श्रेणीचा. हॉर्टनने १९४५ साली ही कल्पना मांडली आणि स्ट्रॅलरने १९५२ साली तिला आजचे रूप दिले. मी फळ्यावर हे काढत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हंजी सगळ्यात बारका त्यो पहिल्या श्रेणीचा?" वर्ग हसला. मीही हसले. आपल्या समाजाला श्रेणी ह्या शब्दाची सवय उलटी आहे, म्हणून ते हसू आले. पण घरी जाताना वाटले, की मुलाने विचारले ते काही चुकीचे नव्हते. आमच्या ओढ्यावर दोन्ही श्रेण्या एकाच वेळी नांदत होत्या. एक पाण्याची, दुसरी माणसांची. आणि दुसरीने पहिलीचा उतार फार हुशारीने वापरून घेतला होता. तो कसा, हे ह्या लेखात सांगायचे आहे.

ओढ्याला नाव नाही. टेंभुर्णीच्या आसपासच्या अनेक ओढ्यांना ते नाही. गावनकाशावर तो दोन वाकड्या रेषांत दिसतो, सातबाऱ्यावर त्याची जमीन पोटखराबा म्हणून लागते, आणि लोक नुसते 'ओढा' म्हणतात. माझे बालपण ज्या वाडीत गेले तिथे 'ओढ्याला गेलीया' एवढे म्हटले की पुरे. कोणत्या, असे कुणी विचारत नसे. मात्र 'वरल्या अंगाला की खालल्या', हे न विचारताही सर्वांना ठाऊक असे. बोलणारी कोण, यावरून ते ठरत होते.

आधी जमीन पाहू. माढा तालुका हा भीमा आणि सीना ह्या दोन नद्यांमधला पट्टा आहे. मधल्या उंचवट्यावर पडलेला पाऊस पूर्वेकडे गेला तर सीनेला मिळतो, पश्चिमेकडे व दक्षिणेकडे गेला तर भीमेला. (शेवटी सीनाही हत्तरसंग-कुडलजवळ भीमेलाच मिळते, तेव्हा हा दुरावा तात्पुरताच.) टेंभुर्णी भीमेच्या डाव्या अंगाला, पुणे-सोलापूर रस्त्यावर. आमचा ओढा ह्या बाजूचा. माळावरच्या चार-पाच ओघळी एकत्र येऊन तो होतो आणि सात-आठ किलोमीटर वाहून भीमेत जातो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा प्रदेश. वर्षाला सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. म्हणजे ओढा जूनमध्ये एकदोनदा गढूळ होऊन जाणार, पुढे दोन महिने तोंड दाखवणार नाही, आणि भाद्रपदात एका रात्रीत दोन्ही काठ घेऊन येणार. दिवाळीनंतर त्याची धार मनगटाएवढी होते. संक्रांतीपर्यंत तीही तुटते.

पण धार तुटली म्हणजे पाणी संपले असे नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा हा काळा पाषाण तयार झाला. पाषाणाच्या वर झिजलेला मुरूम, मुरमाच्या वर माती, आणि ओढ्याच्या पात्रात शेकडो पावसाळ्यांनी आणून टाकलेली वाळू. कठीण पाषाणात पाणी सहजी शिरत नाही. ते मुरमातून सरकत सरकत पात्राकडे येते आणि वाळूच्या पोटात थांबते. वरून ऊन ते शोषू शकत नाही, कारण वरची वीतभर वाळू कोरडी होऊन झाकणासारखी बसते. ह्या पाण्यापर्यंत पोचण्यासाठी वाळूत हातभर, दोन हात खड्डा घेतला की तो झिरा. झिऱ्याचे पाणी वाळूने गाळलेले असते, म्हणून ते आडाच्या पाण्याहून गोड लागते, असे आजी सांगायची. मला ते वेड्या अभिमानाचे बोलणे वाटायचे. पुढे वाळूच्या थरातून पाणी कसे गाळले जाते हे पुस्तकात वाचले तेव्हा आजीची मनातल्या मनात माफी मागितली.

झिरा ही आमच्या बायकांची विहीर. पहाटे जायचे, आदल्या दिवशीचे पाणी उपसून टाकायचे, काठाची ढासळलेली वाळू काढायची, आणि नव्या पाण्याची वाट पाहत बसायचे. ते करंगळीएवढे यायचे. जर्मनच्या भगुल्यातून वाटीने भरायचे, भगुल्यातून घागरीत फडके लावून ओतायचे. उन्हाळ्यात दोन घागरींना तास-दीड तास लागे. नंबर असत. नंबरावरून भांडणे होत. मीही सहावी-सातवीत शाळेआधी हा नंबर धरलेला आहे आणि पहिल्या तासाची हजेरी चुकवलेली आहे.

आता माणसांचा उतार. धार वाहत असे त्या महिन्यांत ओढ्यावरचे पाणवठे ठरलेले होते. सर्वांत वर, करंजांच्या सावलीत, गावातल्या मोठ्या घरांचा पिण्याचा पाणवठा. त्याच्या खाली बाकीच्या कुणब्या-माळ्यांचा. त्याखाली जनावरांचे पाणी. मग परटाचे धोंडे. परटाच्या खाली आमचा पाणवठा. आमच्या खाली मांगवाड्याचा. त्याच्याही खाली चामडी धुण्याची जागा, मेलेले जनावर सोलण्याची जागा, आणि मसणवटा. क्रम नीट पाहा. गावाची बैले आमच्या वर होती. बैलांनी ढवळलेले आणि परटाने धुतलेले पाणी आमच्या पिण्याच्या जागेवर येत होते, आणि आम्ही धुतलेले कुणाच्या वाट्याला जात होते तेही ह्या क्रमात लिहिलेले आहे.

आपल्या गावांत दलित वस्ती बहुधा पूर्वेला का, याचे स्पष्टीकरण वाऱ्याच्या दिशेने दिले जाते. पश्चिमेचा वारा आमच्या अंगावरून गावात जाऊ नये, म्हणून आम्ही पूर्वेला. हे अनेक ठिकाणी जुळते. पण आमची वस्ती पूर्वेला नव्हती. ती ओढ्याच्या उताराला होती. तिथे वाऱ्यापेक्षा पाण्याने जागा ठरवली. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्य गावाबाहेर का राहतात हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने सोडवण्याचा प्रयत्न केला. 'बाहेर' म्हणजे नेमके कुठे, हे मात्र प्रत्येक गावी जाऊन, उतार मोजून पाहावे लागेल. हे काम आपल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी अजून पुरेसे केलेले नाही. भूगोलाच्या प्राध्यापकांनी तर नाहीच; ह्यात मी स्वतःला धरते.

येथे एक शंका येईल. वाहत्या पाण्याला विटाळ नाही असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही नदी आपल्या वेगाने शुद्ध होते असे म्हटले आहे. मग ओढ्यावर वरचे-खालचे कशाला? आडावर आम्हाला पोहरा टाकता येत नव्हता, कारण आडाचे पाणी साचलेले. एकाने शिवले की सगळे बाटले. तिथे आमच्या बायका पायऱ्यांखाली रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहत आणि कुणी दयावंत आली तर ती वरून पाणी वाढे. ओढ्यावर मात्र आम्हाला कुणी अडवत नव्हते. माझ्या एका सहकाऱ्याने ह्यावरून असा निष्कर्ष काढला होता, की ओढा हा गावातला सर्वांत लोकशाहीवादी पाणवठा होता. मला हे मान्य नाही. ओढ्यावर आम्हाला अडवण्याची गरजच नव्हती. आमचा स्पर्श पाण्याबरोबर खालीच जाणार होता. वरच्याला काही करावे लागत नव्हते. उतार त्याची राखण करत होता.

महाडशी ताडून पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसे चवदार तळ्यावर पाणी प्याली. त्यानंतर सवर्णांनी १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य टाकून तळ्याची 'शुद्धी' केली. तळे साचलेले असते. ते बाटवता येते म्हणून शुद्धही करता येते, आणि म्हणूनच त्यावर सत्याग्रह करता येतो. ओढ्यावर सत्याग्रह कसा करायचा? ओंजळभर पाणी पिऊन काहीच सिद्ध होत नाही. तिथे सत्याग्रह करायचा तर वर चालत जावे लागते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. नदीच्या शुद्धीचे ते वचनही त्यातच होते. ते वाचून कुणाला औदार्य वाटत असेल, तर त्याने ओढ्याच्या खालच्या अंगाला उभे राहून एकदा ते पुन्हा वाचावे.

आणि आपण? आमच्या खाली मांगवाड्याचा पाणवठा होता हे मी वर एका वाक्यात लिहून पुढे गेले. ते तसे सोडता येत नाही. आजी फार प्रेमळ बाई. पण मांगवाड्यातली एखादी बाई आमच्या झिऱ्याच्या वर बसली तर ती ओरडायची, "आगं ये, खाल्लाकडं सर की!" हा शब्द तिने कुठून घेतला हे सांगण्याची गरज नाही. तिला तोच शब्द वरून रोज ऐकू येत होता. बाबासाहेबांनी क्रमिक विषमता म्हटले ती ही. प्रत्येकाला कुणीतरी खाली मिळाले की तो वर पाहायचे विसरतो. १९५६ नंतर आमच्या वस्तीने मेलेली ढोरे ओढायचे सोडले, सोलण्याची जागा ओस पडली; पण झिऱ्यांचा क्रम त्यानंतरही कित्येक वर्षे तसाच राहिला. धम्म स्वीकारलेल्या वस्तीत तो तसा राहिला, हे लिहिताना मला लाज वाटते.

कायद्याने ओढ्याकडे पाहायला वेळ लावला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला प्रसिद्ध ठराव सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठ्यांविषयी, विहिरी-धर्मशाळांविषयी होता. ओढा कुणी बांधलेला नसतो. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ही नावे आहेत. ओढ्याचे नाव त्यात नाही. नदी, ओढा आणि झरा हे शब्द स्पष्टपणे आले ते १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार ओढ्याचे पात्र सरकारच्या मालकीचे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. अनुसूचित जाती-जमातींची माणसे नेहमी वापरतात त्या पाण्याचा उगम घाण करणे हा गुन्हा ठरवला. येथे प्रथमच कायदा खालच्या अंगाला उभा राहून वर पाहतो. आपल्या कार्यकर्त्यांनी हे कलम नीट वाचावे. त्यात 'नेहमी वापरतात' असे आहे. ज्या दिवशी आपण झिरा सोडला त्या दिवशी त्या पाण्यावरचे हे संरक्षणही सैल झाले.

झिरा आपण का सोडला? त्यासाठी धरणाकडे यावे लागते. ह्या जिल्ह्यात दुष्काळ आणि सरकारी पाणी यांची जोडी जुनी आहे. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात आष्टीचा तलाव दुष्काळी काम म्हणून हाती घेतला गेला; तोही भीमेला मिळणाऱ्या एका ओढ्यावरच. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला होती. मिलोच्या भाकरी आणि सुकडी तिच्या बोलण्यात कायम असत. त्या साली झिरा दोन पुरुष खोल गेला होता आणि आत उतरलेल्या बाईला वरच्या बायका पदराने वारा घालत, असे ती सांगे. टेंभुर्णीपासून जवळच, भीमेवर, उजनीचे काम तेव्हा चालू होते. १९८० मध्ये धरण पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी मावणारे हे धरण; त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. धरणाचे कालवे आले, उसाचे रान आले आणि कालव्याच्या व उसाच्या पाझराने आमचा ओढा काही वर्षे उन्हाळ्यातही वाहू लागला. म्हातारी माणसे त्याला कौतुकाने पाहायला जात. पण ते पाणी पिण्याचे राहिले नव्हते. वरच्या रानातले खत आणि औषध त्यात उतरत होते. शिवाय पाझर ज्याच्या शेताशेजारी त्याचे इंजिन काठावर. ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याला कालव्याने काय दिले, हे मोजता येते. झिऱ्यावर कुणाचे नाव नसते. तो गेला तेव्हा नुकसानभरपाईच्या कोणत्याही रकान्यात तो बसला नाही.

मग वाळू गेली. टेंभुर्णी वाढले, औद्योगिक वसाहत झाली, रस्ता चौपदरी झाला, घरे सिमेंटची झाली. आमचीही झाली, घरकुलाला वाळू लागतेच. आधी बैलगाडीने, मग ट्रॅक्टरने, मग रात्रीच्या यंत्रांनी ओढा खरवडला गेला. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान जाहीर झाले आणि पुढच्या वर्षांत गावोगाव ओढ्यांचे खोलीकरण-रुंदीकरण झाले. आमच्या ओढ्याचेही झाले. खोलीकरण सगळीकडे वाईटच झाले असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी विहिरींना पाणी वाढले. पण यंत्राला वाळू आणि गाळ यांतला फरक कळत नाही. आमच्या पात्राची वाळू निघाली आणि खाली मुरूम उघडा पडला. पाणी धरून ठेवणारे पोटच कापले गेले. आता वरल्या अंगाला खोल डोह आहे, त्यावर मोटारी आहेत. खालल्या अंगाला उन्हाळ्यात काही नाही. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत मात्र खालल्या अंगालाच पाणी घरात शिरले. रुंद केलेला ओढा वरून वेगाने आला आणि आमच्या वस्तीशेजारच्या जुन्या मोरीत अडला. गेल्या सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने तालुक्याच्या पलीकडच्या बाजूची गावे बुडाली, तेव्हा आमच्या लोकांनी न सांगताच भांडी माळवदावर नेऊन ठेवली होती.

नळ आले आहेत. ही फार मोठी गोष्ट आहे आणि माझ्या पुतणीला झिऱ्याचा नंबर धरावा लागत नाही ह्याचा मला आनंद आहे. पण टाकी वरल्या अंगाला, आणि वस्तीचा नळ सर्वांत शेवटी. वरच्या घरांनी तोट्या उघड्या ठेवल्या की आमच्याकडे हवा येते. ही कुणी ठरवून केलेली जातीयता नाही, नळ उतारानेच टाकावा लागतो, असे आमच्या गावात मला समजावण्यात आले. समजावणारा इंजिनिअर सभ्य होता. उतार त्याने तयार केला नव्हता हे खरेच. उताराच्या टोकाला आम्हाला कुणी बसवले हा त्याच्या विषयाचा भाग नव्हता. दाब सारखा राहावा म्हणून मध्ये झडप बसवता येते, हेही त्यानेच सांगितले. झडप अजून बसलेली नाही.

विद्यार्थ्यांना मी नेहमी आणखी एक गोष्ट नकाशावर दाखवते. आमच्या ओढ्याचे पाणी भीमेत जाते. नरसिंगपूरला नीरा येऊन मिळते, आणि पुढे तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. म्हणजे बैलांनी ढवळलेले, परटाने धुतलेले, आम्ही प्यालेले, मांगवाड्याने वापरलेले, चामडी भिजवलेले, मसणवट्यावरून गेलेले पाणी अखेर तिथे पोचत होते, जिथे वरल्या पाणवठ्याची माणसे आषाढीला जाऊन तीर्थ म्हणून ओंजळ भरत. त्या वाळवंटातून वर देवळात जायला आम्हाला १९४७ पर्यंत, साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत थांबावे लागले. आमच्या अंगावरून गेलेले पाणी मात्र कधीपासूनच तीर्थ होते. हे सांगितल्यावर वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही. एकदा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग पानी आपल्या आधी पोचलं की तिथं." ती वारकरी घरातली होती.

मागच्या मार्च महिन्यात मी चौदा मुलामुलींना घेऊन ओढा मुखापासून वर चालले. बहुतेक सर्वेक्षणे उगमापासून खाली येतात. आम्ही मुद्दाम उलट गेलो. गावनकाशावर प्रत्येक जुन्या पाणवठ्याची जागा लावायची, म्हाताऱ्या माणसांना विचारून, असे ठरले होते. मसणवट्याजवळ कुणी अडवले नाही. आमच्या झिऱ्याच्या जागी मुलांनी कुदळीने खणून पाहिले. वीतभर गाळ, त्याखाली मुरूम. मांगवाड्यातल्या एका आजीने स्वतः येऊन त्यांची जागा दाखवली आणि म्हणाल्या, "हितं आमी. वर तुमी. तुजी आजी लई वरडायची." मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मुलांना पुढची जागा दाखवायला निघाल्या. परटाचे धोंडे अजून आहेत. दोन जागचे हललेले. करंजांपाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिथल्या मळ्यातल्या एका तरुणाने विचारले, कशाचा सर्वे आहे? सरकारी का? ओढ्याचा, म्हटले. त्याने मोटार बंद केली आणि मुलांना पाणी दिले. त्याच्या आजोबांना मात्र त्यांचा पाणवठा नेमका कुठे होता हे आठवत नव्हते. वरच्यांना लक्षात ठेवायची गरज पडली नव्हती, असे एका मुलाने वहीत लिहिले आहे.

नकाशा आता आमच्या विभागात भिंतीला लावला आहे. सात पाणवठे लाल शाईने दाखवले आहेत. ओढ्याच्या नावाची जागा मुलांनी कोरी सोडली आहे.